फाट्यावरून समुद्राकडे : दलितांच्या प्रवासाचा इतिहास

दलित चळवळीचा इतिहास आपण सभा, ठराव, सत्याग्रह आणि मोर्चे यांच्या आधारे लिहीत आलो आहोत. ते योग्यच आहे. परंतु त्या सभांना माणसे पोहोचली कशी, तिकिटाचे पैसे त्यांनी कोठून उभे केले, वाटेत पाणी कोणी दिले आणि कोणी नाकारले, सभा संपल्यावर ती माणसे काय पाहायला गेली, या प्रश्नांची नोंद आपल्या लेखनात फारशी आढळत नाही. जणू माणूस घरून निघाला आणि एकदम मंडपात प्रकट झाला! प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये एक रस्ता असतो. या देशात रस्ता कधीही केवळ मातीचा वा डांबराचा नव्हता. तो जातीचाही होता.

हा विचार मनात येण्याचे कारण वारंगा फाटा. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील हे ठिकाण. नांदेडहून अर्धापूर मागे टाकून चाळीसएक किलोमीटर आले की रस्ता येथे फुटतो. एक वाट कळमनुरी, हिंगोली, वाशीमवरून अकोल्याला जाते. दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूर गाठते. आणि मागची वाट नांदेडला, म्हणजे मुंबईच्या रेल्वेकडे नेते. एस. टी. येथे थांबते, प्रवासी उतरून खिचडी खातात, चहा घेतात, आपापल्या दिशेची गाडी पाहतात. पाहणाऱ्याला ही एक साधी वर्दळीची जागा वाटेल. पण अशोक विजयादशमीच्या आधी येथे उभे राहावे. पांढरी लुगडी नेसलेल्या बाया, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरे, हातात निळे झेंडे, आणि सर्वांची तोंडे नागपूरच्या दिशेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यावे, तर तशीच माणसे नांदेडकडे वळलेली दिसतील. त्यांना मुंबईची गाडी धरायची असते. एकाच फाट्यावरून एक वाट दीक्षाभूमीला आणि दुसरी समुद्राला जाते. या दोन वाटांवर आमच्या मागच्या तीन पिढ्यांचा इतिहास पसरलेला आहे.

दलितांना प्रवास नवा नव्हता, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. गावगाड्यातील महार हा गावातील सर्वांत जास्त चालणारा माणूस. सरकारी सारा तालुक्याला पोहोचवायचा, अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत न्यायचे, मर्तिकाचा सांगावा पाहुण्यांच्या गावी सांगायचा, रात्री वेशीवर गस्त घालायची, ही सर्व कामे त्याच्या पायांनी होत. पण त्या चालण्याला प्रवास म्हणता येत नाही. ती वेठ होती. निघण्याची वेळ दुसऱ्याने ठरवायची, जाण्याचे ठिकाण दुसऱ्याने सांगायचे, आणि पोहोचल्यावर गावाबाहेरच थांबायचे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्याचा रोख याच बांधिलकीवर होता. ज्याचे पाय गावाचे, त्याचा वेळही गावाचा. आणि ज्याचा वेळ त्याचा स्वतःचा नाही, त्याला सण तरी कोठून असणार?

सणांचे आणि जत्रांचेही तसेच. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी आणि तमाशासाठी प्रसिद्ध आहे. हिंगोलीचा दसरा मराठवाड्यात नावाजलेला आहे. औंढ्या नागनाथाला महाशिवरात्रीला माणसांचा पूर लोटतो. या साऱ्या उत्सवांत आमची माणसे नव्हती असे नाही. हलगी त्यांची, डफडे त्यांचे, तमाशाच्या फडातील गळा आणि ढोलकी पुष्कळदा त्यांचीच. पोतराज होऊन अंगावर कोरडे ओढणारा त्यांचा, आणि जत्रा उठल्यावर मागची घाण काढणाराही त्यांचाच. उत्सव त्यांच्या श्रमांवर उभा राहत होता. परंतु उत्सवाचा निवांत प्रेक्षक होण्याचा, हात मागे बांधून हिंडण्याचा, मनाला येईल तेथे बसून भाकर सोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पंढरीची वारी शतकानुशतके करणाऱ्या चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर पायरीपाशी आहे. ते दार अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. पायी चालून देवापर्यंत जाता येत होते. फक्त पोहोचता येत नव्हते.

या परिस्थितीत रेल्वे आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडपासून हैदराबादेपर्यंतचा मीटरगेज मार्ग निजामी मराठवाड्यातून गेला. १९१२ च्या सुमारास पूर्णेहून हिंगोलीलाही फाटा निघाला. आगगाडीने जात मोडली असे म्हणण्याचा एक प्रघात आहे. ते अर्धसत्य आहे. आगगाडीने तिकिटाची जात निर्माण केली. पहिला, दुसरा, तिसरा वर्ग. त्या वर्गांत शिरण्यासाठी पैसा लागत होता, गोत्र लागत नव्हते. हा फरक मोठा होता. पण डब्याचे दार जेथे संपे तेथे गावाचे राज्य पुन्हा सुरू होई. फलाटावरचे पाणी वेगळे, स्टेशनबाहेरचा टांगा वेगळा, धर्मशाळा तर नाहीच.

याचा सर्वांत बोलका पुरावा बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणींत आहे. त्यांनी लिहून ठेवलेल्या प्रसंगांत तीन प्रवास ठळकपणे येतात. आपण ते अन्यायाच्या कहाण्या म्हणून वाचतो. त्यांतील दोन मुळात आनंदाचे प्रवास होते, ही गोष्ट मात्र आपल्या नजरेतून सुटते.

पहिला प्रवास १९०१ चा. उन्हाळ्याची सुटी, वडील गोरेगावला नोकरीवर, आणि साताऱ्याहून भीम, त्याचा थोरला भाऊ व बहिणीची मुले प्रथमच आगगाडीने निघालेली. नवे कपडे शिवलेले, नव्या टोप्या घातलेल्या, खाऊचा डबा भरलेला. मसूर स्टेशनावर उतरेपर्यंत सारे ठीक होते. मुले महारांची आहेत हे कळताच बैलगाडीवाले मागे हटले. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले. रात्रभर डबा भरलेला होता आणि घोटभर पाणी मिळत नव्हते. म्हणून अन्न असून मुले उपाशी राहिली. एका सुटीचा आनंद असा करपून गेला.

दुसरा प्रवास १९२९ चा, चाळीसगावचा. तेव्हा बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य होते, बॅरिस्टर होते. तरी टांगेवाल्यांनी त्यांना बसवून टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतील लोकांनी टांगा मिळवला, पण हाकणारा नवशिका होता. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. अत्यंत हलक्या मानल्या गेलेल्या टांगेवाल्यालाही एका बॅरिस्टरला बसवून नेणे कमीपणाचे वाटत होते, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे.

तिसरा प्रवास १९३४ चा, आणि तो आपल्या मराठवाड्यातील आहे. चळवळीतील सहकाऱ्यांनी सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली. सहल! वेरूळची बौद्ध लेणी पाहायची असे ठरले. तीसएक जणांचा जथा वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या माणसांनी दारापाशी असलेल्या हौदात हातपाय धुतले, आणि तळे बाटवले म्हणून गहजब झाला. शेवटी किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सशस्त्र शिपाई सोबत देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. लेणी पाहायला निघालेल्या माणसांवर बंदुकीचा पहारा! ज्या समाजाला सहलीसाठीही पहारा सोसावा लागतो, त्याच्या सहलीला केवळ करमणूक म्हणता येईल काय?

महाडच्या सत्याग्रहातही वाहनाचा प्रश्न होताच. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदराला उतरले. धरमतरवरून मोटारने जाण्याचा मार्गही होता. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी बहिष्कार टाकला तर सगळेच अडकून पडतील, असा हिशेब होता. दासगावहून महाड पाच मैल. तेवढे पायी चालता येते. म्हणजे समुद्राने त्या दिवशी जात विचारली नाही. मोटारचा रस्ता ती विचारील अशी भीती होती, आणि ती भीती निराधार नव्हती. दलितांच्या इतिहासात समुद्र हा असा सुरुवातीपासूनच आहे.

आता मोटारगाडीकडे वळू. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्या अखत्यारीत सरकारी मोटारसेवा सुरू झाली. सत्तावीस गाड्या आणि १६६ नोकर एवढाच तिचा आरंभीचा पसारा होता. मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली. पुढे मराठवाडा आणि विदर्भातील सरकारी मोटारसेवा तिच्यात मिसळल्या आणि १९६१ पासून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ सबंध राज्यात उभे राहिले. दरम्यान अस्पृश्यता गुन्हा कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला. कोणत्याही सार्वजनिक वाहनाचा वापर करण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने अडथळा करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. १ जून ही तारीख दोन्हींत यावी हा योगायोग आहे. पण तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. गाडी आधी आली, तिच्यात बसण्याचा हक्क सात वर्षांनी कायद्यात आला.

कायदा आला तरी माणसे लगेच बदलली नाहीत. गाडीत शेजारी जागा मोकळी असून गाठोडे ठेवणारे होते. पोशाखावरून, बोलण्यावरून वस्ती ओळखणारे होते. गाडी थांबे त्या गावोगावच्या हॉटेलांत बाहेर आडोशाला ठेवलेली वेगळी कपबशी होती. चहा पिऊन ती आपणच विसळून ठेवायची. पण एक गोष्ट झाली होती. कंडक्टरने फाडून दिलेल्या तिकिटावर नाव नव्हते, आडनाव नव्हते, गल्ली नव्हती. कोठून कोठे आणि किती पैसे एवढेच होते. आमच्या माणसांच्या हाती आलेला, जात न विचारणारा हा कदाचित पहिलाच सरकारी कागद. जातीचा दाखला आम्हाला पुढे मिळाला. बिनजातीचा दाखला एस. टी. ने आधी दिला.

अशा काळात १९५६ साल आले. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. लोक रेल्वेने गेले, मोटारीने गेले, बैलगाडीने गेले, पायी गेले. भाड्यासाठी बायकांनी अंगावरचे किडूकमिडूक मोडल्याच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. त्या दिवशी वारंगा हैदराबाद राज्यात होते आणि नागपूर मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि दोन्ही प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. पाच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब दिल्लीत गेले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. म्हणजे मराठवाड्यातील दलित माणूस धर्म बदलायला गेला तेव्हा तो परराज्यात गेला होता, आणि बापाला शेवटचे पाहायला निघाला तेव्हा मुंबई त्याच्याच राज्याची राजधानी झाली होती. मात्र त्या शहराशी त्याचे पहिले नाते जोडले गेले ते शोकाचे.

दहनाच्या जागी पुढे स्तूप उभा राहिला. ५ डिसेंबर १९७१ ला मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ती चैत्यभूमी. तेव्हापासून आमचे स्वतःचे एक पंचांगच तयार होत गेले. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, १४ एप्रिलला गावोगाव, अशोक विजयादशमीला नागपूर, ६ डिसेंबरला मुंबई. १४ जानेवारी ही तारीख त्यात १९९४ साली आली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादेकडे लाँग मार्च निघाला. ज्या काळात रस्त्यावर दिसणेच जिवावर बेतू शकत होते, त्या काळात हजारो माणसे मुद्दाम रस्त्यावरून चालत गेली. आज १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जो उत्सव भरतो, त्याच्या खाली ही राख आहे.

या पंचांगाचे वैशिष्ट्य असे की ते मुहूर्तावर चालत नाही, वेळापत्रकावर चालते. त्याला भटजी लागत नाही; एस. टी. चा थांबा आणि रेल्वेचा फलाट लागतो.

मीटरगेजच्या काळात नांदेडहून मुंबईला निघालेला माणूस मनमाडला उतरून मोठ्या गाडीत चढे. गाठोडी, पोरे, म्हातारी माणसे एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर न्यायची आणि एकमेकांची बोटे सोडायची नाहीत. १९९० च्या दशकात रुळांचे रुंदीकरण झाल्यावर देवगिरी, तपोवन अशा गाड्या नांदेडहून थेट मुंबईला जाऊ लागल्या. हा सहाशे किलोमीटरचा पल्ला असतो. दादरला उतरून गर्दीबरोबर शिवाजी पार्ककडे चालत जायचे. मुक्काम पार्कातील मंडपात, नाहीतर १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून चेंबूर-घाटकोपरच्या झोपडपट्ट्यांत जाऊन राहिलेल्या भावकीकडे. रांगेत तासन् तास उभे राहायचे, अस्थींपुढे डोके टेकवायचे, आणि मग?

मग माणसे समुद्र पाहतात. चैत्यभूमीच्या भिंतीपलीकडेच तो असतो. आमच्या वस्तीतील एक आजी पहिल्यांदा जाऊन आली तेव्हा तिने दोन वस्तू आणल्या होत्या : बाबासाहेबांचा फोटो आणि खाऱ्या पाण्याची बाटली. "बाबासायबाच्या पायाशी येवढं पानी हाय, अन् कोन्हाची ना न्हाई," एवढेच ती सांगे. ती बाटली तिने वर्षभर फळीवर ठेवली होती. जिच्या आईने विहिरीच्या काठाखाली उभे राहून वरून कोणी पाणी ओतील म्हणून वाट पाहिली, तिने घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून लाट अंगावर घेतली होती. हे पाणी कोणाला बाटवता येत नाही आणि कोणाच्या मालकीचेही नाही. चवदार तळ्याचा ठराव पुस्तकात वाचून जे समजते ते तिला चौपाटीवर घोट्यापर्यंत समजले.

येथे दोन आक्षेप घेतले जातात. एक बाहेरचा आहे, एक घरचा. बाहेरचा आक्षेप असा, की ही गर्दी फुकट प्रवास करते, शहर घाण करते. शेतमजुराने तीन-चार दिवसांची मजुरी बुडवून, डब्यात पाय ठेवायला जागा नसताना, मुताऱ्यांच्या दाराशी बसून केलेल्या प्रवासाला फुकट म्हणायचे असेल, तर फुकट या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागेल. काही जण तिकीट काढत नाहीत, हे खरे आहे आणि ते चूकच आहे. परंतु इतर यात्रांच्या वेळी जी गर्दी श्रद्धा ठरते, तीच आमच्या वेळी उपद्रव का ठरते, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावे.

घरचा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपलेच कार्यकर्ते म्हणतात, ६ डिसेंबर हा दुःखाचा दिवस. माणसे गेटवे पाहतात, घारापुरीच्या बोटीत बसतात, भेळ खातात. हे अभिवादन आहे की सहल? या प्रश्नामागील कळकळ मला मान्य आहे. व्यक्तिपूजा ही राजकारणात अधःपतनाची वाट आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत दिला होता. आपल्या उत्सवांत कर्णकर्कश यंत्रे, पुढाऱ्यांचे फलक आणि मूर्तींचा बाजार वाढत गेला, तर तो इशारा आपण विसरलो असेच म्हणावे लागेल. पण या दोषावर उपाय म्हणून गरीब माणसाची भेळ हिसकावून घेणे हा विचार मला पटत नाही. ज्या बाईला आयुष्यात स्वतःच्या खुशीने एवढीच एक वाट चालायला मिळते, तिने त्या वाटेवर हसूही नये काय? अभिवादन करून परतताना तिने लेकराला बोट दाखवली तर बाबासाहेबांचा अपमान होत नाही. मसूरच्या स्टेशनावर नवी टोपी घालून ताटकळणाऱ्या त्या मुलाचा अर्धवट राहिलेला प्रवास ती पुरा करीत असते. आणि हेही विसरू नये, की हीच माणसे शिवाजी पार्कातील पुस्तकांच्या दुकानांपुढे दाटी करतात. स्वतःला वाचता येत नसले तरी नातवासाठी ग्रंथ विकत घेणारी यात्रा जगात फार ठिकाणी भरत नसावी.

मात्र या प्रवासात सगळे पोहोचत नाहीत. डिसेंबर हा ऊसतोडीचा हंगाम. उचल घेतलेली जोडपी तेव्हा फडात असतात. त्यांचा वेळ आजही मुकादमाचा असतो. वतन गेले, उचल आली. सण साजरा करण्याची मोकळीक ही मजुरीच्या प्रश्नापासून वेगळी काढता येत नाही, हे उत्सवाच्या वर्गण्या गोळा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न गाडीचाच आहे. २०२० साली महामारीमुळे ६ डिसेंबरला लोकांना घरीच थांबावे लागले. २०२१-२२ च्या संपात एस. टी. महिनोन्महिने जवळपास बंद होती. त्या काळात गाडी नसणे म्हणजे काय, हे ज्यांच्या दारात मोटारी आहेत त्यांना कळले नाही. वाडीवस्तीवरच्या विद्यार्थिनीला आणि दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्याला ते कळले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात एस. टी. प्रवास सुरू झाला. या सवलतींवर विनोद करणारे पुष्कळ आहेत. पण निम्म्या तिकिटावर दीक्षाभूमी पाहून आलेली बाई हा विनोदाचा विषय नाही. फाट्यावरची गाडी बंद पडणे किंवा रेल्वेत साध्या डब्यात जागा नसणे ही दळणवळणाची तक्रार असेल, आमच्यासाठी ती नागरी हक्कांची तक्रार आहे. शाळा आणि पाणवठा यांच्या बरोबरीने गाडीचा प्रश्न चळवळीच्या मागण्यांत आला पाहिजे.

शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. आपल्या वस्तीतील साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारा : पहिल्यांदा गाडीत कधी बसलात? कोठे निघाला होता? शेजारी कोण बसले, कोण उठून गेले? पाणी कोठे प्यायलात? समुद्र पाहिला तेव्हा काय वाटले? उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. ही माणसे जात आहेत आणि त्यांच्याबरोबर हा इतिहासही जात आहे.

त्या आजीची बाटली पुढे कोणीतरी रिकामी करून तिच्यात रॉकेल भरले. तिने फारसा त्रागा केला नाही. पुढच्या डिसेंबरात ती पुन्हा वारंगा फाट्यावर उभी होती, नांदेडच्या गाडीची वाट पाहत, हातात रिकामी बाटली घेऊन.